सोमाभाऊंनी बसवलेला तरंगा

"लूमचा नुसता आवाज ऐकून कोणता नट ढिला हाय ते सांगतो मी! गाडीचा काटा तो काय!"

बमरोलीतल्या कापड-कारखान्याचे लूम-मास्तर सोमाभाऊ भरल्या अंगणात गरजले. त्यांच्या पंधरा वर्षांच्या जुन्या डिझेल गाडीचा काटा कितीही डिझेल भरलं तरी शून्यावरच पडून असायचा. आणि रविवारी अकराला कडोदऱ्यात लेकीचा, चैतालीचा साखरपुडा! मेहुणा प्रदीप म्हणाला, "भाऊजी, मगनभाईच्या गॅरेजात दाखवा ना."

"कायले?" म्हणत सोमाभाऊंनी मागची सीट उपटली, टाकीतला सेन्सर बाहेर काढला आणि त्याचा दांडा हाताने वर उचलला. काटा टुणकन फुलवर! म्हणजे वायर ठीक, काटा ठीक. दांड्याच्या टोकाचा पोकळ तरंगाच फुटून डिझेल पिऊन बसला होता. रोग सापडला! त्यांनी लूमवरची सुताची प्लास्टिकची बॉबिन कापून दोन भरीव तरंगे बनवले. एक बसवायला, एक जादा. पाण्याच्या बादलीत एक टाकला तर बदकासारखा तरंगला!

"अवो, पण टाकीत पाणी रायते का?" बायकोने, कुसुमवहिनींनी विचारलं.

"तुले काय कळते त्यातलं!"

तरंगा बसवला तेव्हा टाकीत चारच लिटर डिझेल होतं, म्हणजे टाकी जवळपास रिकामीच. काटा शून्यावर. सोमाभाऊ खूश!

शनिवारी प्रदीप गाडी घेऊन पेढे आणायला गेला. रविवारी सगळे नटूनथटून निघाले, तर काटा शून्यावरच!

"प्रदीप! थोडं तरी टाकायचं होतं बाप्पा!"

"काल फुल केली ना भाऊजी! भाचीचा साखरपुडा हाय!"

"मंग काटा खोटं बोलते? माह्या हातचा काटा हाय तो!"

"म्हणजे मी खोटा?" पंपावर गाडी थांबताच प्रदीप खाली उतरला. "जा तुम्ही. मामा नसला तरी चालते!"

चैतालीच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, मामा नाही तर मी पण नाही!" घड्याळात साडेदहा!

सोमाभाऊ मात्र इरेला पेटलेले. "भर!" त्यांनी फर्मान सोडलं. नळी आत गेली आणि डिझेलचा फवारा थेट त्यांच्या नव्या पांढऱ्या सफारीवर!

"अरे काका, टांकी तो फुल छे!" पंपवाला ओरडला.

सोमाभाऊंनी खिशातला जादा तरंगा पंपावरच्या डिझेल भरलेल्या मापात टाकला. बुडुक! सरळ तळाला. पाण्यावर तरंगणारं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलक्या डिझेलात बुडत होतं. बिचाऱ्यांचा चेहराच उतरला. तरंगा पुन्हा खिशात टाकून ते तसेच धावत रिक्षाला हात करणाऱ्या मेहुण्याकडे गेले. "चुकलो रे प्रदीप. चाल, पोरगी रडते."

प्रदीप विरघळला, पण नाक दाबून म्हणाला, "तुम्ही मागं बसा, गाडी मी चालवतो."

अकराला पाच कमी असताना गाडी मांडवापाशी पोचली. डिझेलचा वास घेत व्याही पुढे आले. "सोमाभाऊ, तुम्ही मास्तर ना? आमच्याही गाडीचा काटा बिघडलाय. जरा बघता का?"

सोमाभाऊंचा हात झटकन खिशाकडे गेला. "अहो, त्यात काय..."

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. कुसुमवहिनींनी अख्खा पेढा त्यांच्या तोंडात कोंबला होता आणि प्रदीप व्याह्यांना मगनभाईचा नंबर लिहून देत होता.