पोट सुटलेली थप्पी

यंदा थप्पी पडू द्यायची नाही, असा हालव्होरने चंगच बांधला होता. गेल्या वर्षी सतरा मेच्या, म्हणजे देशाच्या राष्ट्रीय सणाच्या, मिरवणुकीत पोरं झेंडे हलवत आणि बँड वाजवत त्याच्या अंगणापुढून जात असतानाच त्याची सरपणाची थप्पी कुंपणावरून धडाधड रस्त्यावर आली होती. बँड बंद पडला होता. त्या गावात माणूस कसा आहे हे थप्पीवरून ठरतं. जावई पसंत करतानासुद्धा लोक आधी त्याच्या अंगणातलं सरपण बघून येतात. त्यामुळे हालव्होर वर्षभर दुकानात जावो की चर्चमध्ये, कुणी ना कुणी विचारायचंच, "काय, उभी आहे का?" सगळ्यात जास्त विचारायचा तो शेजारचा स्टाइनार. बँडमध्ये भला थोरला भोंगा वाजवायचा तो.

घाईघाईत पुन्हा रचलेली ती थप्पी मधोमध पोट सुटल्यासारखी रस्त्याकडे आली होती. मिरवणूक तोंडावर आली तेव्हा हालव्होरने ती दोन्ही टोकांकडून उतरवून नव्याने रचायला घेतली. ओळंबा सोडून, पाणसळ धरून, बर्चचं एकेक लाकूड फिरवून फिरवून तो बसवत गेला. दोन्ही बाजू भिंतीसारख्या सरळ झाल्या. आता ते पोट तेवढं उरलं. त्याने वरचं लाकूड उचललं आणि आतून एक परीट पक्षी भुर्रकन उडाला. आत गवताच्या वाटीत ठिपक्याठिपक्यांची अंडी होती.

हालव्होरने ते लाकूड होतं तसं अलगद परत ठेवलं. परीट आला की वसंत आला, आणि तो ज्याच्या अंगणात अंडी घालतो त्याच्या घरचं बरंच होतं, याचं बाळकडू तिथे प्रत्येकाला मिळालेलं असतं. पोटाला आता हात लावायची सोय नव्हती. बायको बोरगिल्डने सुचवलं, आत घरटं आहे अशी पाटी लाव.

"पाटी लावली तर लोक म्हणतील, हालव्होरला बरं निमित्त सापडलं," तो म्हणाला. "मी निमित्त सांगणार नाही. थप्पी पडणार नाही, एवढंच."

"आणि हे पोट?"

"टेकू देतो की."

सतरा मेच्या सकाळी पोट आणखी पुढे आलं, आणि टेकूला धड लाकूड सापडेना. शेवटी त्याने थप्पीच्या डाव्या टोकाला ठोकलेला खुंटा उपटून पोटाला लावला. सरळ बाजूला आधार कशाला हवा, असा त्याचा हिशोब. तरी धीर होईना. मग बँड ऐकू येताच, चांदीच्या बटणांचा सणाचा पोशाख घातलेला हालव्होर थप्पी आणि कुंपण यांच्यामध्ये शिरला, पोटाला पाठ लावून उभा राहिला आणि रस्त्याकडे बघून हसू लागला.

मिरवणूक समोर आली तेवढ्यात परीट परतला. घराच्या वाटेत माणूस उभा बघून तो हालव्होरच्या टोपीवर बसला, शेपूट वरखाली करत त्याला यथेच्छ बोलला आणि त्याच्या कानाजवळच्या फटीतून आत गेला. स्टाइनारने हात वर केला. बँड थांबला. सगळी मिरवणूक पाय न वाजवता पुढे सरकली, आणि स्टाइनार तेवढा कुंपणाशी आला.

"घरटं आहे हे आधी नाही सांगायचं?"

"विचारलं कुणी? तुम्ही सगळे एकच तर विचारता."

स्टाइनारने डोळा बारीक करून दोन्ही सरळ बाजू न्याहाळल्या. "बाकीची बरी रचलीयस," तो म्हणाला.

त्या गावात थप्पीला याहून मोठी शाबासकी नसते. हालव्होरला अगदी भरून आलं. हात मिळवायला तो पुढे झाला आणि त्याची पाठ थप्पीपासून सुटली. पोट जागचं हललं नाही. ओळंबा लावून रचलेली डावी बाजू मात्र खुंट्यावाचून खचली आणि कुंपणावरून धडाधड रस्त्यावर गेली.

पुढे गेलेले बँडवाले वळून बघत राहिले. हालव्होर आधी फटीत डोकावला. परीट अंड्यांवर बसून होता.

"उभी आहे," तो म्हणाला.

स्टाइनारने भोंगा गवतात ठेवला आणि वाकून पहिलं लाकूड उचललं.