साठ माणसांचं पातेलं

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल कागदी ठिपका चिकटवून झाल्यावर सुनेने नियम सांगितला. वस्तू वापरली की ठिपका काढायचा. महिनाअखेरीस जिच्यावर ठिपका उरेल, ती वस्तू घराबाहेर जाईल. सून औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होती आणि "लागेल कधीतरी" हे विधान तिला पुराव्याअभावी मान्य नव्हते.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे आता भांड्यांनीही हजेरी लावायची?"

"हजेरी नाही आई, पुरावा."

महिनाभर सासूबाईंनी भांड्यांच्या बाजूने पुरावा गोळा केला. चारही किसण्यांवर गाजर किसले गेले. बिनदांड्याच्या गाळण्यातून एकदा चहा आणि एकदा पाणी गाळून झाले. शेवटच्या शनिवारी फक्त एक ठिपका शिल्लक होता, आणि तो ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या पातेल्यावर होता.

ते साठ माणसांचे पातेले होते. सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षे एका रुग्णालयाचे उपाहारगृह चालवले होते. ते बंद पडल्यावर त्या पातेले टेम्पोत घालून घरी घेऊन आल्या. घरात माणसे तीन. त्यामुळे पातेले तेव्हापासून इतर पातेली पोटात घेऊन बसले होते.

"पोटात घेऊन बसणं म्हणजे वापर नव्हे," सून म्हणाली.

"मग उद्या त्यात एक अंडं उकडते."

"निम्म्याहून जास्त भरायला हवं. आणि शिजेल ते सगळं माणसांनी खायला हवं. ओतून द्यायचं नाही."

"अगं, राहू दे ना एक पातेलं," सुनेचा नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"एक अपवाद केला की तो नियम राहत नाही, मत होतं. उद्या दुपारी सुतार येतोय, त्या जागेत कप्पा बसवायचाय."

नवरा वर्तमानपत्रात परत गेला. ठिपका गुपचूप काढून टाकणे सासूबाईंना सहज शक्य होते. पण मापात पाप करणाऱ्या बाईचे उपाहारगृह इतकी वर्षे टिकत नाही.

रविवारी सकाळी त्यांनी इमारतीतल्या प्रत्येक दाराची घंटी वाजवली. "दुपारी सूप प्यायला या."

"कशाबद्दल?"

"सहज."

हे उत्तर खरे होते, म्हणूनच ते कोणाला पटले नाही. सहज कोणी साठ माणसांना बोलावत नाही, असा सर्वांनी स्वतंत्रपणे निष्कर्ष काढला आणि जिन्यात ते निष्कर्ष एकमेकांशी जुळवून पाहिले. मुलाची नोकरी गेली असावी, घर विकायला काढले असावे, इथपर्यंत एकमत झाले.

इकडे पातेले दोन शेगड्या व्यापून बसले आणि शेगडीची बटणे त्याच्या पोटाखाली गेली. आच कमी करायची तर नवऱ्याने जमिनीवर बसून लांब चमच्याने बटण फिरवायचे, असे ठरले.

"डावीकडे," सासूबाई ओरडल्या.

"कोणाच्या डावीकडे?"

"अरे, बुडाला लागतंय! लागलेलं सूप कोणी पिणार नाही, आणि हिला तेच हवंय!"

"मला काहीही नकोय," सून म्हणाली आणि फूटपट्टी सुपात बुडवली. "निम्म्याच्या वर आहे. मान्य."

दुपारी पाहुणे आले, पण आवाज खाली ठेवून. शेजारीणबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. "धीर धर हो. दिवस बदलतात."

"कसले दिवस?"

"आम्ही काही विचारणार नाही."

दुःखी घरात माणूस पोटभर जेवत नाही. प्रत्येकाने अर्धी वाटी घेतली, मान हलवली आणि दुसऱ्यांदा वाढू दिले नाही. "अजून घ्या ना," असे सासूबाई जितक्या कळवळून म्हणत, तितके पाहुणे अधिक हळहळत. शेवटचा पाहुणा नवऱ्याच्या पाठीवर थोपटून गेला, तेव्हा पातेले एक तृतीयांश भरलेले होते.

सासूबाई डाव हातात धरून खुर्चीवर टेकल्या. सुनेने फूटपट्टी धुतली, पण पुन्हा सुपात बुडवली नाही.

घंटी वाजली. दारात टेप घेऊन सुतार उभा होता. "कुठं बसवायचाय कप्पा?" मग त्याने नाक वर केले. "हे काय शिजलंय?"

"बसा," सासूबाई उठल्या.

सुताराला इमारतीच्या दुःखाची कल्पना नव्हती. तीन वाट्यांनंतर त्याने तोंड पुसले. "बाई, कारखान्यात माझी माणसं आज सुट्टीची कामाला आलीत. सकाळपासून नुसत्या चहावर. बोलावू?"

"विचारतोस काय? बोलाव!"

भुसा अंगावर घेऊन माणसे आली आणि पाऊण तासात पातेल्याचा तळ दिसला. सुनेने स्वतः ठिपका काढला. "वापर सिद्ध झाला," ती सुताराला म्हणाली. "कप्पा नको."

"कप्प्याचं राहू द्या," सुतार म्हणाला, "पण या बाई आणि हे पातेलं रोज दुपारी आमच्याकडे येतील का? पगार देतो."

"पगाराचं नंतर बघू," सासूबाई म्हणाल्या. "कांदे कुठून आणतोस ते सांग."

अशा रीतीने पातेले जिंकले आणि तरीही घराबाहेर गेले. रिकाम्या जागेत कप्पा बसला. कप्प्यात झाकणे आकारानुसार उभी राहिली, ओटा मोकळा झाला, आणि त्या ओट्यावर दुपारी काहीच शिजेनासे झाले. नवरा बिस्किटांवर आला. पुढे एका रजेच्या दिवशी सून उघड्या कप्प्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग डबा घेऊन सुताराच्या कारखान्याकडे निघाली.

तिथे रांग होती. ती रांगेत उभी राहिली.

"डबा पुढं करा," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

"आई, मी आहे."

"दिसतंय की." त्यांनी एक डाव ओतला. क्षणभर थांबून दुसरा ओतला.

"ओ बाई, आम्हाला एकच आणि यांना दोन?" मागून कोणी हरकत घेतली.

"माप सगळ्यांना सारखंच आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हिचा डबा मोठा आहे."

डबा मोठा नव्हता. सुनेने तो कधीच मोजून ठेवला होता. तिने झाकण घट्ट लावले आणि ती पुढे सरकली.