बाळ येशूची करंगळी

टक्.

एवढाच आवाज, तोही गीझर बंद झाल्याचा. पण आमचा लेक ओजस झोपलेला असताना आमच्या घरात तेवढाही पुरतो. मी दचकले. सुदैवाने तोवर बाळ येशूची करंगळी चिकटून झाली होती.

माझ्या घरात मोडकी वस्तू शोधून दाखवा! कपाचा कान, ओजसच्या ट्रकचं चाक, शिशिरच्या चष्म्याची दांडी, सगळं मी एमसीलने जोडलंय. वसईला माहेरी नाताळच्या गोठ्यातल्या मेंढ्यांचे पाय जोडतच मी मोठी झाले.

नवऱ्याला, शिशिरला, पंजाबातल्या डेराबस्सीच्या औषध कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो. इथला धर्मग्राम म्हणजे चर्चची साठ-पासष्ट कुटुंबं. प्रवचन हिंदीत, गाणी पंजाबीत, फादर बिनॉय केरळचे, आणि कोपऱ्यात मी मनातल्या मनात मराठीत आमेन म्हणणारी. यंदा धर्मग्रामाला पंचवीस वर्षं झाली. पहिला नाताळ एका बंद कारखान्याच्या गोदामात झाला होता, लोक रिकाम्या पिंपांवर बसले होते. तेव्हापासूनची एकच वस्तू उरलीय : प्लास्टरचा बाळ येशू. उजव्या हाताला करंगळी नाही.

जुबिलीच्या मीटिंगमध्ये कुणी मंडप घेतला, कुणी जेवण. आपणही इथले व्हावं असं मला फार वाटत होतं. मी करंगळी घेतली.

“कर दीजिए, नेत्रा जी,” फादर म्हणाले. “पच्चीस साल से टूटी है.”

पंचवीस वर्षांत ती कुणीच का जोडली नाही, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

नाताळच्या दिवशी धुक्यामुळे मिस्सेची प्रार्थना अकराला ठेवली होती. मिस्सा संपली, ढोलकी सुरू झाली, फादर बाळ येशूला घेऊन उभे राहिले आणि पायाचं चुंबन घ्यायला रांग लागली. मी ओजसला घेऊन मुद्दाम पुढे थांबले. कौतुक ऐकू यायला हवं ना.

पहिला मान सुशीला बीबीचा. पासष्टीची बाई, मोतीबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. हा बाळ येशू अंबाल्याहून शालीत गुंडाळून, बसने मांडीवर घेऊन तिनेच आणला होता. तिने पायाचं चुंबन घेतलं. मग चाचपडत उजवा हात धरला आणि एकेक बोट मोजलं. थांबली. परत मोजलं.

“फादर, ए साडा नहीं ऐ,” ती शांतपणे म्हणाली. हा आपला नाही.

फादरनी परोपरीने सांगितलं. बीबी हलेना. रांगेत कुजबूज सुरू झाली. पाचव्या माणसापर्यंत मूर्ती बदलली गेली होती, विसाव्यापर्यंत चोरीला गेली होती आणि दारापाशी ती दिल्लीत विकलीसुद्धा गेली होती. ढोलकी थांबली. फाटकावर बंदोबस्ताला असलेला हवालदार आत आला आणि मूर्ती शेवटची कुणाकडे होती, असं त्याने विचारलं. फादरनी माझ्याकडे पाहिलं. शिशिर छताकडे पाहू लागला.

मी कबूल केलं. करंगळी माझीच. म्हणजे मी लावलेली.

बीबीने ऐकून घेतलं. मग फादरनाही ठाऊक नसलेली गोष्ट तिने सांगितली. त्या पहिल्या नाताळला तिचा विक्टर चार वर्षांचा होता. पांढरं प्लास्टर बघून त्याला वाटलं, बताशा आहे. चुंबन घ्यायच्या निमित्ताने वाकला आणि करंगळी कडकन चावून खाल्ली. तो विक्टर आता कॅनडात ट्रक चालवतो. सहा वर्षांत आला नाही. दर नाताळला बीबी त्या तुटक्या जागेवर बोट ठेवून उभी राहायची.

“कोई गल नहीं, पुत्त. सोहणा बणाया,” असं माझं कौतुकच करून ती काठी टेकत वळली.

रागावली असती तर परवडलं असतं.

“फादर, तोड़ दीजिए,” मी म्हणाले.

आता माझं एमसील, ते सहजी कसलं तुटतंय! फादरनी हाताने वाकवून पाहिलं. शिशिरने गाडीची किल्ली लावली, किल्लीच वाकली. हवालदाराने आदराने काठी पुढे केली, ती आम्ही तितक्याच आदराने नाकारली. शेवटी ढोलकीवाला ढोलकी कसायचा पाना घेऊन आला. लस टोचताना बाळाला धरतात तसं मी बाळ येशूला छातीशी घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

टक्.

करंगळी तुटून जमिनीवर पडली. बीबी परत आली. तिचं बोट त्या खडबडीत जागी पोचलं आणि तिथेच थांबलं.

“हां,” ती म्हणाली. “हुण साडा ऐ.” आता आपला आहे.

ढोलकी पुन्हा वाजू लागली. जेवताना बीबीने मला शेजारी बसवून घेतलं आणि वसईला माझ्या आईजवळ आता कोण असतं, असं विचारलं. कोणी नाही, असं मी सांगितलं.

परतीच्या वाटेवर ओजस मागच्या सीटवर बसला होता. आरशात पाहिलं तर मी घडवलेली करंगळी त्याच्या मुठीत.

“मम्मा,” तो म्हणाला, “मैं कनाडा गया तो आप क्या पकड़ोगी? आप तो सब चिपका देती हो.”