ज्येष्ठ स्नायू संवर्धन मंडळ आणि साखरबाई

२०२३ साली आमच्या गावात म्हातारपण आल्याचं रीतसर जाहीर झालं. त्याआधी लोक नुसतेच म्हातारे होत आणि कुणाला काही न कळवता मरत. माझ्या सासूबाई सत्तरी उलटल्यावरही जनावरांसाठी उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत. आपले स्नायू दरवर्षी झडत आहेत, ही माहिती त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. त्या अज्ञानातच त्या गेल्या.

आम्हांला मात्र ती माहिती वेळेत मिळाली. आमचं गाव भवानीनगरच्या अलीकडे. बारामतीहून रेश्मा नावाची फिजिओथेरपिस्ट आली आणि तिनं विकास सोसायटीच्या कार्यालयात सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून समजावलं. वयाबरोबर स्नायू कमी होतात, माणूस पडतो, हाड मोडतं, मग तो अंथरूण धरतो. उपाय असा, की जेवणात पुरेशी प्रथिनं घ्यायची आणि ताकदीचे व्यायाम करायचे. सगळ्यांत सोपा व्यायाम म्हणजे खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं.

सभेत जो तो आपली खुर्ची घट्ट धरून बसला. आमच्या भागात मिळालेल्या खुर्चीवरून आपणहून उठायची पद्धत नाही.

तरीही गाव पुरोगामी असल्यामुळे (तसा फलक वेशीवर आहे) मंडळ स्थापन झालं. "व्यायाम एकट्यालाही करता येतो," असं रेश्मा म्हणाली. पण अध्यक्षाशिवाय तो कसा करायचा, याचा खुलासा तिला करता आला नाही. निवडणूक लागली. दोन पॅनेल उभी राहिली. प्रचारात एक उमेदवार ओट्यावरून घसरला, त्यामुळे मंडळाची गरज आपोआप सिद्ध झाली. झुंबरतात्या अध्यक्ष झाले. हरलेल्या पॅनेलचे म्हस्कूआबा रुसले, म्हणून उपाध्यक्षपद निर्माण केलं. त्यांचे लोक रुसले, म्हणून संचालक वाढवले. अखेर संचालकांची संख्या सभासदांपेक्षा किंचित जास्त भरली.

या सगळ्या उलाढालीत एक बाई अशीही होती, जिला खरोखरच उठायचं होतं. माझी शेजारीण साखरबाई. आम्ही दोघी एकाच लग्नसराईत या गावात आलो. नवरा गेल्यापासून ती घरात एकटी राहते. श्रावणात ती मोरीत पडली आणि मी हाक मारीपर्यंत तशीच पडून राहिली. तिचा मुलगा दिग्विजय बारामतीत ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. तो आला आणि त्यानं निकाल दिला, "आय, दिवाळीपतूर जमिनीवरनं हात न टेकता उठून दाखव. न्हाय तर घराला कुलूप, आन तू माझ्याकडं फ्लॅटवर."

तो फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. साखरबाई तिथं एकदा राहून आली होती. "खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी," ती मला म्हणाली. "तितं मी पडायची न्हाय, खरं हाय. पडायला जागाच न्हाय."

व्यायामशाळा सोसायटीच्या जुन्या खताच्या गोदामात सुरू झाली. यंत्रांना हळदकुंकू लागलं, हार पडले. पायानं वजन ढकलायच्या यंत्राची बैठक सर्वांत उंच आणि मऊ होती, ती साहजिकच तात्यांकडे गेली. छातीच्या यंत्रावर आबा बसले. बाकीचे संचालक मानाप्रमाणे बाकांवर. सकाळी सहाला सगळे बसत ते चहा होईपर्यंत. मधे कुणी उठत नसे, कारण उठलेल्या जागी दुसऱ्या पॅनेलचा माणूस बसण्याचा धोका होता. स्नायूंना विश्रांतीही लागते, असं रेश्मा एकदा बोलून गेली होती. तेवढं वाक्य ठराव म्हणून मंजूर झालं, आणि त्याची अंमलबजावणी इतकी कडक झाली की तशी आमच्या तालुक्यात कुठल्याच ठरावाची झालेली मी पाहिली नाही.

प्रत्येकाला प्रथिनांच्या पावडरीचा डबा मिळाला. इतकी भारी वस्तू घरच्या माणसानं खायची नसते, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. डबे शोकेसमध्ये बसले, नातवाच्या क्रिकेटच्या ढालीशेजारी. पाहुणा आला की दुधात चमचाभर घालून त्याला द्यायची. वर्षभरात गावात येणारे जावई आणि विमा एजंट यांचे दंड डोळ्यांत भरण्यासारखे झाले.

बायकांनाही समान सभासदत्व होतं. आमच्यासाठी खाली सतरंजी होती. मंडळाचं नाव झाल्यामुळे माळेगावपासून इंदापुरापर्यंतचे मान्यवर गोदाम बघायला येत, आणि प्रत्येकाला ओवाळायला आम्हांला उठावं लागे. मग बसायचं. मग चहा द्यायला उठायचं. मग कप गोळा करायला. सुरुवातीला साखरबाई माझ्या खांद्याला धरून उठे. मग भिंतीला. मग गुडघ्यावर हात ठेवून. भाद्रपदात मान्यवरांची गर्दी फार झाली, आणि एका आमंत्रिताच्या वेळी ती आरतीचं ताट दोन्ही हातांत धरूनच उभी राहिली.

"अगं, हात कुठं टेकलास?" मी विचारलं.

"हात रिकामे कुठं हायेत?" ती म्हणाली.

दिवाळीत परीक्षा झाली. तात्यांनी तिचा जाहीर कार्यक्रम केला, कारण मंडळाला दाखवायला दुसरं काही नव्हतं. दिग्विजय आला आणि आईपुढे खुर्चीवर बसणं बरं दिसत नाही म्हणून सतरंजीवर मांडी घालून बसला. साखरबाई त्याच्यासमोर बसली, दोन्ही हात पदरात घेतले आणि उठली. टाळ्या पडल्या. तात्यांनी त्या स्वतःच्या समजून नमस्कार केला.

दिग्विजयचा चेहरा उजळला. "आय, मंग तर लईच झ्याक! आता चल बारामतीला. तुझ्या सुनेला, सोनमला डबे करू लागशील, पोरांना बसपतूर सोडशील. लिफ्ट बंद असती, पर तुला आता जिन्याचं काय?"

साखरबाईनं हात पदरातून बाहेर काढले. "पडले म्हणून न्यायची, आन उठले म्हणूनबी न्यायची?"

"तसं न्हाय गं..."

ती पुन्हा खाली बसली. "आता उठत न्हाय. न्यायची तर उचलून न्या."

दिग्विजय तिला उचलायला निघाला. पण त्यासाठी आधी स्वतः उठणं भाग होतं, आणि ते होईना. एक हात टेकला, मग दुसरा, मग गुडघा. तात्या यंत्रावरून ओरडले, "आरं, धरा की त्याला!"

एकही संचालक बाकावरून हलला नाही. म्हस्कूआबा म्हणाले, "तात्या, आदी तुमी उठा."

"अध्यक्ष आदी उठत नसतो, आबा."

"उपाध्यक्षबी न्हाय."

शेवटी रेश्मानं आणि आम्ही बायकांनी मिळून दिग्विजयला उभं केलं. साखरबाईला उचलायची ताकद त्यानंतर कुणातच उरली नाही. संध्याकाळी सगळे गेले, मग ती उठली आणि घरी जाऊन दिवा लावला. कार्यक्रम उत्साहात पार पडल्याची नोंद झाली.

झुंबरतात्या पुन्हा निवडून आले, या वेळी बिनविरोध; सत्कार बसूनच स्वीकारला. म्हस्कूआबा पुढच्या उन्हाळ्यात घरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता ते चाकाच्या खुर्चीतून येतात आणि आपली जागा कुणी घेऊ शकत नाही, याचं त्यांना समाधान आहे. रेश्मा सुप्याला असंच काम सुरू करायला गेली. तिथं तिला पहिला प्रश्न पदांविषयी विचारला गेला. दिग्विजय कमरेला पट्टा बांधून रेश्माकडेच उपचार घेतो. साखरबाई आपल्या घरात आहे. तिनं आपला डबा पहिल्याच आठवड्यात फोडून खाऊन टाकला होता. "चव न्हाय, पर संपला," एवढाच तिचा अभिप्राय.

राहिलात तुम्ही. हसून झालं असेल तर उठा बघू. हात न टेकता. मी थांबते.

टेकलात? असू द्या, मनाला लावून घेऊ नका. मंडळात संचालकाची एक जागा अजून तयार करता येईल.