लाल अक्षरांतले व्याहीबुवा

मी फक्त सिम बदललं. गुन्हा एवढाच.

माझी डॉक्टरेट संख्याशास्त्रातली. विषय होता दुर्मीळ घटनांची शक्यता. (नोकरीभर मुलांना शिकवलं, की अशा घटना क्वचितच घडतात. निवृत्त झाल्यापासून त्या सगळ्या माझ्याकडेच घडतात.) त्यामुळे एका दुपारी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्या गोड आवाजाने मला संपूर्ण नावाने हाक मारली, तेव्हा मी घाबरलो. संपूर्ण नावाने मला आजवर फक्त विद्यापीठानं पुकारलं होतं, तेही पदवीदान समारंभात.

फोन कापला, पाणी प्यालो आणि ठरवलं, नंबरच बदलायचा. नवं सिम आणलं. जुनं कात्रीनं कापून दोन वेगवेगळ्या कुंड्यांत पुरलं. (एकाच कुंडीत पुरलं तर चोर तुकडे जोडेल, असं त्या वेळी वाटलं.)

"अहो, तुळशीत काय पुरताय?" सौ.

"सुरक्षा."

"तुळस वाळली तर बघा हं."

मग नवा नंबर सगळ्या नातेवाइकांना कळवायला बसलो. पण 'नमस्कार, मी—' म्हणेपर्यंत समोरचा फोन कापायचा. दोष माझाच. दिवाळीला सगळे जमले होते तेव्हा मीच तासभर व्याख्यान दिलं होतं: अनोळखी नंबरवर बोलू नका, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आवाजावर जाऊ नका, आणि शंका आली तर ज्याचं उत्तर घरच्यांनाच माहीत असेल असा प्रश्न विचारा. माझं व्याख्यान लोकांनी मनावर घेतल्याची ही पहिलीच वेळ. तरी मी संध्याकाळपर्यंत चिकाटीनं फोन करत राहिलो.

त्याच आठवड्यात नातीचं बारसं होतं. लेक वंदना बाळंतपणाला आमच्याकडे जालन्याला आलेली. तिची सासरची मंडळी, म्हणजे सासरे आबाराव, सासूबाई नंदाबाई आणि बाळाची आत्या मोनिका, घनसावंगीहून जीपनं येणार होती. सकाळी अंबड रोडच्या मंगल कार्यालयवाल्याचा निरोप आला, बोअरची मोटर जळाली, पाणी नाही. आम्ही कार्यक्रम कॉलनीतल्या मारुती मंदिराच्या मंडपात हलवला.

"व्याह्यांना कळवलंत ना?" सौ.नं विचारलं.

"हो तर," मी म्हणालो. (त्यांचा फोन वाजला होता. वाजणं म्हणजे अर्धं कळवणंच.)

लग्नात नंदाबाईंच्या भावाला पत्रिका उशिरा गेली, ते त्या अजून काढतात. आता बाळंतविडा घेऊन त्या कुलूपबंद कार्यालयासमोर उभ्या राहिल्या, तर माझ्या लेकीला ते जन्मभर ऐकावं लागणार. शिवाय आत्याशिवाय नाव ठेवणार कोण?

मी मंडपाबाहेर जाऊन फोनवर फोन लावले. (सौ.चा किंवा वंदनाचा फोन मागितला असता, तर माझं 'हो तर' उघडं पडलं असतं.) कट, कट, कट. शेवटी आबारावांनी उचलला. मागे जीपची घरघर.

"बोला, चोरसाहेब!"

"आबाराव, मी वंदनाचा वडील. कार्यालय बदललंय. कृपया ताबडतोब—"

"ताबडतोब! ऐकलं का गं मोनिका? घाई करून राह्यलाय. प्रोफेसरसाहेबांनी बराबर सांगितल्तं."

"अहो, तो प्रोफेसर मीच!"

"मंग फोनवर लाल अक्षरात 'संशयित' कामून आलंय? कंपनी काय येडी हाय का?"

मी संशयित? मला क्षणभर स्वतःचीच शंका आली.

"निदान आवाज तरी ओळखा!"

"आवाजावर जायचं न्हाई. हे बी साहेबांनीच सांगितल्तं."

मागून नंदाबाई म्हणाल्या, "त्याला घरचा सवाल विचारा की!"

"हां. सांगा मंग, आमच्या मळ्यात आल्ते तव्हा तुम्ही उसाच्या ट्रॉलीवर कामून चढल्ते?"

आबारावांच्या घरी आजोबांपासून मेंढरं आहेत. त्यातला एक मेंढा... पण जाऊ द्या. घरी मी वेगळं सांगितलं होतं आणि सौ.नं ते कॉलनीभर कौतुकानं सांगितलं होतं.

"उसाची वाढ पाहायला," मी म्हणालो.

"चूक!" जीपभर हशा. फोन कट.

आता जीप कोणत्याही क्षणी त्या कुलपापाशी पोचणार. पुन्हा लावला. उचलल्याबरोबर ओरडलो, "मेंढा! मेंढा मागं लागला म्हणून चढलो!"

"बराबर. मंग खाली कसे आले?"

"नंदाबाईंनी भाकरी दाखवली!"

"तुम्हाला का मेंढ्याला?"

"मेंढ्याला! मला हात दिला! आता कृपया मारुती मंदिरात या!"

मागं वळलो. अख्ख्या मंडपानं ऐकलं होतं. सौ. घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होती.

"उसाची वाढ का?" ती म्हणाली.

थोड्याच वेळात जीप मंदिरापाशी थांबली. आबाराव पोट धरून उतरले. "साहेब, पहिल्या हाकेलाच वळखलं. 'कृपया' म्हणणारा चोर आख्ख्या जालना जिल्ह्यात न्हाई. पण मोनिकाला मेंढ्याचं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." नंदाबाई इतक्या हसत होत्या, की कार्यालय का बदललं हे विचारायचंच विसरल्या. मोनिकानं बाळाच्या कानात 'रेवा' म्हटलं, तिच्या पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या संपल्या. इतकं आनंदाचं बारसं आमच्याकडे झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन कंपनीच्या मदत केंद्राला विचारलं, माझ्यावर 'संशयित'चा शिक्का कसा? तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, नवा नंबर, एका दुपारी इतके फोन आणि प्रत्येक फोन दोन शब्दांत बंद. ठग असेच फोन करतात. यंत्रानं आकडे पाहून ठरवलं."

"मी संख्याशास्त्राचा डॉक्टर आहे हो!"

"मग तुम्हीच सांगा सर, तुम्ही काय ठरवलं असतं?"

मीही तेच ठरवलं असतं.

"लोकांशी निवांत, भरपूर बोला. शिक्का हळूहळू जाईल," ती म्हणाली.

माझ्याशी निवांत बोलणार कोण? मी रोज बैठकीतून स्वयंपाकघरात सौ.ला फोन लावू लागलो. ती उचलायची, पिठाच्या डब्यावर ठेवायची आणि पोळ्या लाटायची. मी डब्याशी संख्याशास्त्रावर बोलायचो. अखेर एकदाचा शिक्का गेला!

आनंदानं आबारावांना फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. शेवटी वंदनाच्या फोनवरून विचारलं, "माझा फोन का कापलात?"

"तुमचा? न्हाई ब्वा. कुण्या अनोळखी नंबरचा आल्ता, तो कापला."

"तो माझाच! नाव सेव्ह नाही केलंत?"

"गरजच काय व्हती साहेब? लाल अक्षरात 'संशयित' आलं की घरातली पोरं बी ओरडायची, 'व्याहीबुवांचा फोन आला, उचला जल्दी!' आता ते गेलं, तर वळखायचं कसं?"

तेव्हा आज दुपारपासून मी पुन्हा फोन घेऊन बसलो आहे. एकामागून एक, घाईघाईत, दोन-दोन शब्दांचे कॉल. शिक्का परत मिळाला की व्याह्यांना कळवायचं आहे, त्यांनी पाठवलेल्या शेंगा पोचल्या म्हणून.