लिफ्ट बंद आहे

चहा पिता पिता लिफ्टवाल्यांनी जाहीर केलं की त्यांनी ट्रायथलॉनमध्ये नाव घातलंय. आधी तलावात पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, आणि हे सगळं लेकीच्या सासरच्या गावी, जिथली हवा इतकी विरळ की बटाटेसुद्धा लवकर शिजत नाहीत. बायकोने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे.

"नाव मागे घेता येतं का?" तिने विचारलं.

"येतं. पण घेणार नाही."

का, ते तिला ठाऊक होतं. लेकीच्या लग्नात कार्यालयापर्यंतचा चढ चढताना लिफ्टवाल्यांना अशी काही धाप लागली की मुलाकडच्यांनी खुर्ची आणली. व्याही म्हणजे जन्मभर डोंगरात टपाल वाटलेला काटक माणूस. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बसा व्याहीबुवा, बसा. आम्ही आहोत ना." झालं. पुढचं सगळं लग्न लिफ्टवाल्यांनी बसून पाहिलं. लेक रडत निरोप घ्यायला आली तेव्हाही उठायला त्यांना जावयाचा हात लागला. माणूस प्रेमाने बोलला होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आता त्याच चढावरून, त्याच व्याह्यांसमोरून, ठरलेल्या वेळेत धावत जायचं आणि शेवटी आपल्या पायांवर उभं राहायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

पोहणं त्यांना येत होतं. कामावर ते सायकलने जाऊ लागले. घोडं अडलं ते चढापाशी. शहर परातीच्या बुडासारखं सपाट. टेकडी नाही की साधा पूल नाही. पोहण्याच्या तलावावरच्या कोचने विचार करून सांगितलं की रोज जिना चढा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास घ्या, म्हणजे कमी हवेत दम पुरवायची सवय होईल. लिफ्टवाले दहाव्या मजल्यावर राहत. म्हणजे डोंगर घरातच होता.

पण उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. सकाळी ते मोठ्या निर्धाराने खाली येत, जिन्याकडे वळत, आणि समोर लिफ्टचं दार उघडं दिसलं की पाय आपोआप आत जात. भानावर यायचे तेव्हा दहावा मजला आलेला असायचा. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून पाटी काढली आणि दारावर अडकवली. "लिफ्ट बंद आहे. दुरुस्ती चालू." स्वतःच्या हातची पाटी असली तरी ती दिसल्यावर आत शिरायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम. पाय मुकाट्याने जिन्याकडे वळले.

वर जाऊन घाम पुसायचा आणि खाली येऊन पाटी काढायची, असा बेत होता. पण उतरताना दुसऱ्या मजल्यावर बाई भेटल्या. बाई म्हणजे आठव्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"बरं झालं तुम्ही दुरुस्तीला लागलात," त्या म्हणाल्या. "पाटी बघितली. काय बिघडलंय?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण बाईंचा घामेजलेला चेहरा पाहून लिफ्टवाल्यांची जीभच उचलेना. "पार्ट मागवलाय," ते म्हणाले, आणि शरमेने त्यांच्या हातातल्या पिशव्या घेऊन आठव्या मजल्यावर पोचवून आले.

एकदा पार्ट मागवल्यावर लिफ्ट लगेच सुरू कशी करणार? संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला पार्टची बातमी कळली. यांच्या शब्दावर कोणी शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता, डॉक्टरने बंद म्हटलेलं खाणं जसं बंदच. लिफ्टवाल्यांना अन्न गोड लागेना. प्रायश्चित्त म्हणून दिसेल त्याचं ओझं ते उचलू लागले. सहाव्या मजल्यावरच्या शिंप्याचं शिलाई मशीन वर नेलं. चौथ्या मजल्यावरची जुळ्यांची आई दिसली की एक पोर काखेत आणि एक खांद्यावर. बाईंच्या पिशव्या तर रोजच्याच, आणि दिवसेंदिवस जड होत चाललेल्या. एकट्या माणसाला एवढं काय लागतं, असं मनात येई, पण विचारायला तोंड कुठे होतं? तोंड तर मिटलेलं.

लोकांच्या चांगुलपणाने ते आणखीच वरमत. एवढा त्रास सोसून कोणी कुरकुर करत नव्हतं. शिंपी तर शीळ घालत घरी जायचा. आणि बायको भाजी घेऊन दहाव्या मजल्यावर यायची ती कपाळावर घामाचा थेंबही न येता. लिफ्टवाल्यांना तिचा फार अभिमान वाटला.

शर्यतीला निघायच्या आदल्या सकाळी मात्र त्यांना राहवेना. असलं पाप डोक्यावर घेऊन थंड पाण्यात उडी मारायची म्हणजे बुडायचीच लक्षणं. त्यांनी सगळ्यांना खाली लिफ्टपाशी बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं. लिफ्ट बिघडलेलीच नव्हती. पार्टही मागवला नव्हता. स्वतःच्या पायांवर भरवसा नाही म्हणून सगळ्या इमारतीला जिना चढायला लावला.

कोणी चिडलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. शेवटी बाईच बोलल्या.

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी बटण दाबून बघितलं. आली की खाली."

शिंप्याने चमकून वर पाहिलं. आपल्या एकट्यालाच हे माहीत आहे, अशी त्याची समजूत होती. जुळ्यांच्या आईचीही तीच समजूत होती. हळूहळू असं निष्पन्न झालं की इमारतीतला प्रत्येक माणूस इकडेतिकडे पाहून, पाटी हलकेच बाजूला सारून लिफ्टने वर जात होता, आणि जिना एकटे लिफ्टवालेच चढत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचा रंग किती उडालाय ते बघण्यात गुंग होती.

"मग बाई, त्या पिशव्या?"

"पहिले काही दिवस बटाटे होते. मग शब्दकोश घातले. गेल्या आठवड्यापासून दोन कुंड्या आहेत, मातीसकट." बाईंनी चष्मा पुसला. "मुख्याध्यापिका व्हायच्या आधी मी खेळाचा तास घ्यायचे. माझ्या तासाला कोणी बसलेलं मला खपत नसे. लग्नातली गोष्ट तुमच्या बायकोने सांगितली मला."

रागवावं की पाया पडावं, हे लिफ्टवाल्यांना ठरवता येईना. त्यांनी नुसती पाटी काढून पिशवीत ठेवली.

शर्यतीचं काय सांगावं. तलावाचं पाणी असं की पहिला हात मारताच त्यांना सगळे मेलेले नातेवाईक आठवले. सायकलवर त्यांना मागे टाकून जाणाऱ्यांत एक आजोबाही होते. पण कार्यालयाचा चढ आला आणि लिफ्टवाल्यांनी तोंड मिटलं. हातात कुंड्या नव्हत्या. पायांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्या चढावर त्यांनी चार जणांना मागे टाकलं, आजोबांनाही. आयोजक दोऱ्या गुंडाळायच्या बेतात असताना ते शेवटच्या रेषेपलीकडे गेले.

तिथे व्याही उभे होते. सोबत खुर्ची आणली होती, आठवणीने.

"बसा व्याहीबुवा, बसा."

"नको. उभं राहायला बरं वाटतंय," लिफ्टवाले म्हणाले. पाय शिंप्याच्या मशीनसारखे थरथरत होते, पण लेक धावत येऊन गळ्यात पडली तेव्हा ते उभे होते. त्या दोन क्षणांसाठी त्यांनी पुन्हा ते गार पाणीही सोसलं असतं.

लेक ज्या इमारतीत राहत होती तिथे गावातली एकमेव लिफ्ट होती. जुनी, जाळीच्या सरकत्या दाराची. व्याह्यांना तिचा भारी गर्व. त्यांनी सामान, खुर्ची आणि सायकल सगळं आत भरायला घेतलं. सायकल आत नको, चाक जाळीला टेकेल, असं लिफ्टवाल्यांनी सांगून पाहिलं.

"तुम्ही दमलाय," व्याही म्हणाले. "आम्ही आहोत ना."

लिफ्टवाले जिन्याकडे वळले. त्यांचे पाय आता तिकडेच वळत. दुसऱ्या मजल्याच्या थोडं वर पोचतात तोच लिफ्ट खटकन थांबली. आत व्याही कोपऱ्यात दबलेले, छातीवर सायकलचं हँडल, आणि पुढचं चाक जाळीत घुसून दार बोटभर सरकलेलं. दार पुरतं मिटल्याशिवाय असली लिफ्ट हलत नाही. चाक जरा मागे घेऊन दार ओढलं की संपलं. लिफ्टवाल्यांना ते एका नजरेत कळलं.

"व्याहीबुवा, आता काय करायचं हो?" आतून आवाज आला. आवाजात धाप होती.

"खुर्ची आहे ना आत?"

"आहे."

"मग बसा. मी आहे ना."

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लिफ्टवाले जिन्याच्या पायरीवर बसले. मागून बायको आली. तिने जाळीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"पार्ट मागवावा लागेलसं दिसतंय," लिफ्टवाले म्हणाले. बायकोने मान डोलावली आणि पदर सावरून तीही त्यांच्या शेजारी बसली.