चाकाला कुलूप, तेही पिवळंच

शेजारच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीची चारही चाकं चोरीला गेली आणि गाडी सकाळी विटांवर उभी सापडली. ग्रंथपाल ते दृश्य बघायला मुद्दाम वाट वाकडी करून गेले, दहा मिनिटं हळहळले आणि घरी येऊन गप्प बसून राहिले.

"कुणी गेलं का हो?" बायकोने घाबरून विचारलं.

"चाकं गेली."

"आपली?"

"अजून नाही," ग्रंथपाल म्हणाले. त्या 'अजून'मधूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

आता, ग्रंथपालांच्या गाडीविषयी थोडं सांगायला हवं. गाडी जुनी होती, एका दातांच्या डॉक्टरांकडून घेतलेली. पण ग्रंथपालांनी तिला असं काही नटवलं होतं की खुद्द डॉक्टरांनीही रस्त्यात ओळखली नसती. पाटीसारखा करडा, अजिबात न चमकणारा मॅट रंग. स्टिअरिंगला हाताने शिवलेलं चामड्याचं आवरण. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बारीक काड्यांची अलॉय व्हील्स. ज्या माणसाने बावीस वर्षं लोकांच्या पुस्तकांना कव्हरं घातली, त्याच्या हाती पहिल्यांदाच स्वतःची म्हणावी अशी वस्तू आली होती. मग काय विचारता!

मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, मेण चालत नाही आणि रगडणं तर मुळीच चालत नाही. "टिपायचं," रंगवाल्याने बजावलं होतं, "बाळाचं अंग टिपतात तसं." तेव्हापासून दर रविवारी ग्रंथपाल दोन बादल्या घेऊन खाली उतरत. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. (वरती घरात फरशी पुसायला बादली उरत नसे, ही गोष्ट वेगळी.) कबुतरांशी त्यांचं उघड वैर होतं. गाडीवर काही पडलं की तिसऱ्या मजल्यावरून ते फवाऱ्याची बाटली घेऊन असे धावत, की खालच्या मजल्यावरचे लोक आग लागली समजून दार उघडत.

"माझ्या चष्म्याची काच कधी अशी पुसली नाहीत," बायको एकदा म्हणाली होती.

"तुझ्या चष्म्याला मॅट फिनिश नाही," ग्रंथपाल म्हणाले होते.

तर चाकं. दुसऱ्याच दिवशी ग्रंथपाल गाड्यांच्या सामानाच्या दुकानात हजर झाले. दुकानदार मोठा अनुभवी. त्याने गिऱ्हाइकाकडे एकदा आणि घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि काउंटरवर चार नट मांडले.

"प्रत्येक चाकाचा एक नट काढायचा आणि त्या जागी हा लावायचा. याच्या डोक्यावर ही नक्षी आहे ना, ती फक्त या चावीच्या तुकड्यालाच बसते. साधा पाना चालत नाही. लावलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही."

"कळलं नाही, तर चोर घाबरणार कसा?"

दुकानदाराला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "घाबरायची गरज नाही साहेब. त्याला चाक निघत नाही."

"पण ते कळेपर्यंत तो माझ्या अलॉयवर पाना घासणार!"

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि खालच्या फळीवरून एक अवजड प्रकार उचलून धाडकन काउंटरवर ठेवला. खेकड्याच्या नांगीसारखे दोन लोखंडी जबडे, मध्ये कुलूप. चाकाला आवळलं की गाडी जागची हलणार नाही. "काळा आहे, पिवळा आहे. काळा घ्या, गाडीला शोभेल."

"पिवळा," ग्रंथपाल म्हणाले. "लांबून दिसला पाहिजे."

नट घेतले ते घेतलेच, वर हा पिवळाधमक जबडाही घेतला. घरी आल्यावर लक्षात आलं की चोराच्या पान्याने चाकावर ओरखडे उठायचे ते उठोत, पण हा जबडा तर रोजच उठवणार. मग कपाटाच्या तळातून निळ्या फुलांचं मऊसूत फ्लॅनेलचं काहीतरी जुनं हाताला लागलं, ते कापून त्यांनी जबड्यांना आतून व्यवस्थित अस्तर शिवलं. पुस्तक शिवायचा दाभण, दुहेरी दोरा. काम असं सुबक झालं, की ते चाकाला लावलं तेव्हा कुलूप लावल्यासारखं न वाटता चाकाला मफलर गुंडाळल्यासारखं वाटे.

पहिल्याच दिवशी ते कुलूप काढायला विसरले आणि गाडी सुरू केली. 'धाड्' असा आवाज झाला आणि ग्रंथपालांच्या छातीत त्याहून मोठा झाला. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यांनी स्टिअरिंगवर एक पुठ्ठा अडकवला. वाचनालयात बावीस वर्षं सूचना लिहिल्यामुळे हात आपोआप वळला: 'कुलूप काढल्याशिवाय वाहन हलवू नये. आज्ञेवरून.'

"कुणाच्या आज्ञेवरून?" बायकोने विचारलं.

"तशी लिहायची पद्धत आहे," ग्रंथपाल म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी करायचं, दुपारी घरी सोडायचं. बायको शाळेत शिक्षिका आणि नेमकी त्या दिवशी तिची परीक्षेची पाळी. "हे पाहा," ती निघताना म्हणाली, "आईला एकट्या तुमच्या भरवशावर सोपवते आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे पहिल्यांदा. बाराच्या ठोक्याला थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, उन्हात उभं करायचं नाही. गाडीत जीव अडकवून बसू नका."

"मी काय लहान आहे?" ग्रंथपाल म्हणाले.

रुग्णालयाच्या आवारात मोकळ्या जागा पुष्कळ होत्या. पण ग्रंथपाल जिथे गाडी लावत त्या प्रत्येक जागेच्या शेजारी कुणाचं तरी दार उघडून आपल्या रंगाला टेकेल, अशी त्यांना धास्ती वाटे. शेवटी त्यांनी दोन जागांच्या मधोमध, पांढऱ्या रेघेवर, किंचित तिरपी गाडी लावली. आता दोन्हीकडून कुणी फिरकणार नाही. मग पुढच्या चाकाला जबडा आवळला, कुलूप लावलं, चावी आतल्या खिशात ठेवली आणि सासूबाईंना घेऊन आत गेले.

ऑपरेशन छान झालं. सव्वाअकरा वाजता सासूबाई डाव्या डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आल्या. एक डोळा झाकलेला, पण उरलेल्या डोळ्याने त्यांनी पहिल्यांदा जावयाच्या शर्टाचं चुकलेलं बटण हेरलं.

"तुम्ही इथे सावलीत उभ्या राहा आई, मी गाडी काढतो," असं म्हणून ग्रंथपाल गाडीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि कुलपात चावी घातली.

"काय चाललंय?"

मागे वाहतूक शाखेचे हवालदार उभे होते. मिशा जाड, आवाज त्याहून जाड.

"कुलूप काढतोय."

"ते दिसतंय. भरदिवसा सरकारी कुलूप काढताय? दंड कोण भरणार?"

"कसला दंड? हे माझं कुलूप आहे."

हवालदार हसले. असली उत्तरं त्यांनी बरीच ऐकली असावीत. "असं? तुम्हीच तुमच्या गाडीला जॅमर लावलात?"

"हो."

"का?"

"गाडी कुणी नेऊ नये म्हणून."

"आणि आता?"

"आता मी नेतोय."

हवालदारांच्या मिशा थोड्या हलल्या. त्यांनी वाकून कुलूप पाहिलं, मग ग्रंथपालांच्या हातातली चावी पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "ही चावी तुमच्याकडे कशी आली? आमच्या ऑफिसातलं कोण सामील आहे तुम्हाला? नाव सांगा. नाव सांगितलंत तर तुमचं हलक्यात भागवीन."

"अहो, मी ग्रंथपाल आहे!"

"शिकलेली माणसंच करतात असलं." एवढ्यात हवालदारांचं लक्ष काचेतून आत गेलं. त्यांनी कपाळावर हात धरून मोठ्याने वाचलं, "'कुलूप काढल्याशिवाय वाहन हलवू नये. आज्ञेवरून.' घ्या! ही नोटीसही तुम्हीच लावलीत का?"

"हो! मीच लिहिली!"

"म्हणजे सरकारी नोटीस खोटी लिहिली. वाढतंय बरं का प्रकरण."

दोन कंपाउंडर, एक फुलपुड्यासारखी गुंडाळलेली बँडेजं घेऊन चाललेली नर्स आणि सुट्टी झालेले तीन रुग्ण भोवती जमले. मॅट रंगाला एकाने कोपर टेकवलं. ग्रंथपालांना एकाच वेळी इभ्रत आणि रंग दोन्ही वाचवायचे होते, आणि हात दोनच होते. "पावती घरी आहे," ते म्हणाले, "दुकानदाराला विचारा," ते म्हणाले, "कृपया टेकू नका," ते म्हणाले. यातलं कुठलं वाक्य कुणासाठी होतं, ते कुणालाच कळलं नाही.

गलका ऐकून सासूबाई भिंत धरत धरत तिथे आल्या. "काय झालं जावईबापू? एवढा वेळ?"

"आजी, हे तुमचे कोण?" हवालदारांनी विचारलं.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. (तो क्षण ग्रंथपालांना फार लांब वाटला.) "जावई आहेत," त्या म्हणाल्या. "माणूस वेंधळा आहे, पण चोर नाही. चोरी करायला अंगात चपळाई लागते."

"त्यांनी आमचं कुलूप उघडलंय."

"बघू," म्हणत सासूबाईंनी मान शक्य तितकी ताठ ठेवून एका डोळ्याने जबड्याकडे निरखून पाहिलं. "हवालदारसाहेब, तुमच्या खात्याच्या कुलपांना आतून निळ्या फुलांचं फ्लॅनेल असतं का?"

हवालदार उकिडवे बसले. त्यांनी बोटाने अस्तर चाचपलं. बारीक, एकसारखे, दुहेरी दोऱ्याचे टाके. नोकरीत इतक्या प्रेमाने शिवलेला जॅमर त्यांनी कधी पाहिला नव्हता. "नाही," ते हळूच म्हणाले. "आमचं लोखंड तसंच असतं."

ग्रंथपालांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो अर्ध्यावर असतानाच सासूबाई म्हणाल्या, "आणि हे फ्लॅनेल मी ओळखते. हा माझा गाऊन आहे."

हवालदारांनी अस्तरावरचं बोट काढून घेतलं.

"आठ दिवस शोधतेय मी. लेकीला विचारलं, तर म्हणाली, आई तूच कुठेतरी विसरली असशील. मला वाटलं, डोळ्यांबरोबर आता डोकंही गेलं. आणि हा इथे टायरला गुंडाळलाय!"

"आई, मला वाटलं जुनं कापड..."

"मीही जुनीच आहे."

कायद्यासमोर ग्रंथपाल निर्दोष ठरले, त्याच पुराव्याने घरच्या कोर्टात दोषी ठरले. ते मान खाली घालून उभे असताना बाजूच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले, आणि त्यांना बायकोचे शब्द आठवले. "थेंब!" ते ओरडले. मग हवालदारांनी स्वतःची खुर्ची सावलीत आणून ठेवली, सासूबाईंना हात देऊन बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर टोपीने वारा घातला. ग्रंथपालांनी डोळ्यावरची पट्टी अलगद उचलली, पण नेम काही साधेना. पहिला थेंब सासूबाईंच्या नाकावर पडला, दुसरा हवालदारांच्या बाहीवर.

"तिसरा तरी मला द्या," सासूबाई म्हणाल्या. तो मात्र बरोबर पडला. त्यांनी डोळा मिटून घेतला आणि जावयाचं मनगट काही वेळ तसंच धरून ठेवलं. "घाबरू नका. दुखत नाही मला," त्या म्हणाल्या. त्या सुरात बोललेलं ग्रंथपालांनी अठरा वर्षांत प्रथमच ऐकलं.

वातावरण निवळलेलं पाहून ग्रंथपाल म्हणाले, "मग निघू का आम्ही?"

"निघा की," हवालदार म्हणाले. मग खाली वाकले, पांढरी रेघ पाहिली, गाडीभोवती एक फेरी मारली. "पण साहेब, ही गाडी दोन जागा अडवून उभी आहे."

"ते रंगाला धक्का लागू नये म्हणून..."

"ते समजलं. मी इकडे पाहिलं, चाकाला पिवळं दिसलं, म्हटलं सकाळच्या पाळीवाल्याने आधीच काम केलंय. म्हणून सोडली. नाहीतर तुम्ही आत गेल्या गेल्याच जॅमर लावणार होतो." त्यांनी पावतीपुस्तक काढलं. "दंड उद्या ऑफिसात भरायचा. तोवर गाडी इथेच. नियमच आहे."

"लावा मग तुमचं कुलूप," ग्रंथपाल हताशपणे म्हणाले.

हवालदार जरा ओशाळले. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "त्याचं असं आहे साहेब, आम्हाला तीनच मिळालीत. तिन्ही मागच्या रस्त्यावर अडकलीत. तेव्हा... तुमचंच लावा ना."

आणि ग्रंथपालांनी, भर दुपारी, बारा-पंधरा माणसांदेखत, गुडघ्यावर बसून स्वतःच्या गाडीला स्वतःच्या कुलपाने सरकारी जप्ती लावली. सवयीने फ्लॅनेलची सुरकुती नीट केली. हवालदारांनी चावी खिशात टाकली आणि सलाम ठोकला. जावई-सासू टॅक्सीने घरी गेले.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. चिडली नाही, उलट तिने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. आतून बराच वेळ जो आवाज येत होता तो रडण्याचा नव्हता, एवढं ग्रंथपालांना ओळखू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रांगेत उभे राहिले, चावी सोडवून आणली आणि गाडी घरी आणून दोन बादल्यांनी टिपून काढली.

आठवड्याने सासूबाईंचा डोळा दाखवायला पुन्हा त्याच रुग्णालयात जायचं होतं. या वेळी ग्रंथपालांनी गाडी अगदी पुस्तक फळीत लावावं तशी सरळ, एकाच जागेत, दोन्ही रेघांपासून सारख्या अंतरावर लावली. कुलूप बाहेर काढलंच नाही, डिकीतच ठेवलं. नियम मोडायला कुठेही फट नव्हती. ताठ मानेने ते खाली उतरतात तोच समोरून तेच हवालदार लगबगीने आले. ग्रंथपालांनी रेघा पुन्हा पाहिल्या.

पण हवालदारांनी नुसता सलाम केला, सासूबाईंची चौकशी केली आणि जरा घुटमळले.

"साहेब, एक विचारू का? तुमचं ते कुलूप आणलंय ना बरोबर? तिकडे एकाने गेटसमोरच गाडी लावलीय, आणि आमची पुन्हा तिन्ही अडकलीत."

ग्रंथपाल काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "द्या हो जावईबापू. निदान एखाद्या चोख कामाला तरी ते लागू दे."

ग्रंथपालांनी मुकाट्याने डिकी उघडली. कुलूप हवालदारांच्या हाती देताना बावीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सात दिवसांत परत करा. उशीर झाला तर दंड पडेल."

"कुणाला?" हवालदारांनी विचारलं.

ग्रंथपालांनी थोडा विचार केला. "मलाच पडेल," ते म्हणाले.